चुलीचा खुंट

१

शिवमूर्ती रोज सकाळी रानात गेला, की आधी आपली ज्वारी बघायचा आणि मग धाकट्या भावाची. आपली तो नुसती नजरेखालून घालायचा. बांधावर उभं राहून, तंबाखू मळत, मन लावून बघायचा ती उमाशंकरची.

दोन्ही रानांच्या मधे एकच बांध होता. अलीकडे-पलीकडे तीच काळी जमीन, तोच पाऊस, बीसुद्धा जळकोटच्या एकाच दुकानातलं. तरी उमाची ज्वारी दरसाल हातभर उंच व्हायची आणि तिची कणसंही भरदार असायची. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, उमाच्या हाताला गुण हाय. शिवमूर्तीला हे ऐकलं, की दिवसभर घास गोड लागत नसे.

गुण हाताचा नव्हता, अव्वाचा होता, असं त्याचं पक्कं मत होतं. अव्वा म्हणजे त्यांची आई, कमलम्मा. भावांच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी तिनं चारचौघांत सांगून टाकलं, "मी उमाकडं ऱ्हाते." झालं. म्हातारी तिकडं गेली आणि जुन्या घराचा चुलीकडचा भागही तिच्यामागं तिकडंच गेला. थोरल्याच्या वाट्याला आला गोठा.

तिचं आधीपासूनच तसं होतं. थोरल्याला ती 'शिवमूर्ती' अशी सबंध नावानं हाक मारायची, तलाठ्यानं पुकारल्यासारखी. धाकटा मात्र 'उमा'. तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा, त्यावर करडीचं तेल आणि मीठ, हे उमाचं. शिवमूर्तीला दुसरी भाकरी. आता भाकरी तीच, पीठ तेच, तेलही मागितलं तर मिळायचं. पण पहिल्या आणि दुसऱ्या भाकरीतला फरक ज्याला दुसरी मिळते त्यालाच कळतो. गडी पन्नाशीच्या पुढे गेला, लेकीचं लग्न करून बसला, अव्वा जाऊन चार पावसाळे झाले, तरी तो पापुद्रा काही त्याच्या मनातून जाईना.

करडगावचं जुनं गाव पांढरीवर होतं. पांढर म्हणजे गावाखालचा उंच ढिगारा. किती पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं साचून झालेला. आता सगळी वस्ती खाली रोडला आली आहे आणि वरची घरं पावसानं मातीला मिळाली आहेत. ती पांढरी माती रानात टाकली, की पीक उठून येतं. उन्हाळ्यात ज्यानं त्यानं आपापल्या घराच्या जागेवरची माती न्यावी, दुसऱ्याच्या जागेला हात लावू नये आणि चुलीची जागा कुणीच खणू नये, असा गावाचा रिवाज. त्यामुळं पांढर सगळीकडून खचली तरी चुलींच्या जागा तेवढ्या राहिल्या. पुरुषभर उंचीचे मातीचे खांब, जागोजाग. गावात त्यांना खुंट म्हणतात. कशासाठी ठेवायचे, हे कुणी विचारत नाही.

वैशाखात उमा बायकोला घेऊन भालकीला लग्नाला गेला. त्याच दिवशी शिवमूर्ती जेसीबी घेऊन पांढरीवर चढला.

यंत्र चालवणारा बालाजी गावातलाच. त्यानं उमाच्या जागेतल्या खुंटाजवळ यंत्र थांबवलं.

"अण्णा, ह्यो चुलीचा खुंट हाय."

"मला दिसतंय की. आमचाच हाय."

"उमाअण्णाचा हाय न्हवं?"

"अव्वा काय त्याच्या एकट्याची व्हती काय रं?" शिवमूर्ती एकदम ओरडला. "भर ट्रॉली."

बालाजीनं भरली. खुंट आतून पोकळ निघेल असं शिवमूर्तीला उगाच वाटत होतं, पण तो चांगला भरीव निघाला. फक्त आतली माती गरम होती. वैशाखाचं ऊन, गरम असणारच.

२

पुढं सोयाबीनच्या दिवसांत शिवमूर्तीनं ती माती टाकलेलं आपलं रान मुद्दाम पडीक ठेवलं आणि दसरा झाल्यावर ज्वारी पेरली. लग्नाहून परतल्यावर उमानं विचारलं होतं, "अण्णा, आमच्या चुलीचा खुंट कुठं गेला?" शिवमूर्ती म्हणाला, वळवाच्या पावसात गेला. उमानं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. शिवमूर्तीला वाईट वाटायला हवं होतं. त्याला बरं वाटलं.

ज्वारी काय उठली म्हणता! पांढरी माती जिथं टाकली होती तिथं तर दाटच दाट. बांधावर उभं राहिलं, की यंदा पहिल्यांदाच उमाकडं बघायची गरज वाटेना. फक्त त्या दाट ज्वारीच्या मधोमध एक जागा रिकामी राहिली. खाटेएवढी. तिथं बी उगवलंच नाही. शिवमूर्तीनं पुन्हा टोकलं, तरी नाही.

एका सकाळी दव एवढं होतं, की त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. पण ती जागा कोरडी होती. हात लावला तर ऊबदार.

"वाळवी असंल," तो स्वतःशीच म्हणाला. वाळवीनं जमीन गरम होते असं त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही.

त्याच दिवशी दुपारी तो बांधावरच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसला होता. ज्वारीतून आवाज आला. थप थप थप. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा थप थप थप.

भाकरी थापायचा आवाज ओळखायला काही लागत नाही. अंबिका, म्हणजे उमाची बायको, पलीकडं स्वयंपाक करत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं बांधावर चढून बघितलं. उमाच्या रानात कुणी नव्हतं. मग मोटारीचा पट्टा आपटत असेल. तो विहिरीपर्यंत जाऊन आला. लाईटच नव्हती, मोटार गार पडलेली.

परत येऊन बसला तर आवाज थांबला होता आणि गोवरीच्या धुराचा वास येत होता. त्यानं चारही बाजूंना पाहिलं. आभाळ लख्ख होतं, धूर कुठंच नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी ती जागा सारवलेली होती.

शिवमूर्ती उकिडवा बसून कितीतरी वेळ ते सारवण बघत राहिला. ताजं शेण, ओलसर, बोटांचे अर्धगोल अगदी एकसारखे. चार बोटं फिरली होती आणि रेघा तीनच उठल्या होत्या. मधली एक रेघ नव्हती.

अव्वाचं एक बोट तरुणपणी चुलीत भाजून आखडलं होतं. ते जमिनीला टेकत नसे. तिनं सारवलेल्या जमिनीवर कायम एक रेघ कमी असायची.

आता कुणीही शहाणा माणूस तिथून उठला असता, गावात जाऊन चार माणसं घेऊन आला असता. शिवमूर्तीच्याही पाठीवरून काटा सरसरत गेला, नाही असं नाही. पण त्याच्या मनात जे पहिलं आलं ते भीतीचं नव्हतं. त्याच्या मनात आलं, की अव्वा आता माझ्या रानात आहे. उमाच्या नाही, माझ्या.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या बाजूला निंदायला बाया लावल्या नाहीत. बायको सिंधु म्हणाली, "मी येते की, तणाचं रान झालंय." तिच्यावर तो वसकन ओरडला. आणि उमा बांधापलीकडून "अण्णा, औंदा लई झकास ज्वारी" म्हणत इकडं यायला लागला, की हा आधीच पुढं होऊन त्याला तिथंच बोलत ठेवायचा.

मग हाक आली.

ऊन डोक्यावर आलं होतं. थापायचा आवाज थांबला आणि ज्वारीतून, अगदी हाताच्या अंतरावरून, ती म्हणाली, "उमा, ये रं. गरम हाय तवर."

एकदाच. अव्वाचाच आवाज, थोडा बसका.

शिवमूर्ती गोठून उभा राहिला. त्याच्या रानात, त्यानं चोरून आणलेल्या मातीत, त्यानं पेरलेल्या ज्वारीत ती बसली होती आणि बोलावत होती उमाला! त्याला रडू आलं, आणि मग असा राग आला, की त्यानं हातातलं खुरपं बांधावर आपटून मोडलं.

रोज तेच. ऊन डोक्यावर आलं, की थप थप, मग हाक. "उमा, ये रं." जरा वाट बघितल्यासारखी शांतता. मग भाकरी झाकून ठेवल्याचा आवाज.

४

लहानपणी अव्वानंच दोघांना शिकवलं होतं, की भर दुपारी कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघायची. माणूस असेल तर दुसरी हाक मारतो.

ही दुसरी हाक कधीच आली नाही. शिवमूर्तीला ते कळत होतं. त्यानं किती दिवस दात आवळून धरले. पण रोज ती झाकून ठेवलेली भाकरी ऐकायची म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

एका दुपारी ती म्हणाली, "उमा, ये रं," आणि शिवमूर्ती म्हणाला, "आलो अव्वा."

आवाज जरा बारीक काढला होता त्यानं, उमासारखा.

मान खाली घालून तो ज्वारीत शिरला. पानं गालाला कापत होती. सारवलेल्या जागेच्या कडेला तो मांडी घालून बसला आणि मान वर करायची नाही असं त्यानं ठरवलं. समोर ऊब होती. लुगड्याचा जुना, धुराचा वास होता. मग त्याच्या नजरेच्या वरच्या कडेला एक हात आला. सुरकुतलेला, पिठानं पांढरा, एक बोट आखडलेला. त्या हातानं पापुद्रा ठेवला, त्यावर तेल सोडलं, मीठ भुरभुरवलं आणि हात मागं गेला.

तो खाताना रडला. त्या पापुद्र्याची चव काय वर्णावी! इतकी वर्षं हे उमानं एकट्यानं खाल्लं होतं.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. घरची शिदोरी न सोडता परत न्यायचा. सिंधुच्या लक्षात आलं, पण ती बोलली दुसरंच.

"आवं, तुमी कवापासून डाव्या हातावर तंबाखू मळाय लागलात? ते उमाभावजी मळतेत तसं."

शिवमूर्तीनं हात बघितले. खरंच, तंबाखू डाव्या तळव्यावर होती. "दोन्ही हात माझेच हाईत न्हवं?" तो म्हणाला. ती हसली नाही.

उमाचं कुत्रं शेपूट हलवत त्याच्यामागं यायला लागलं. देवळापाशी कुणीतरी मागून "ओ उमाअण्णा" म्हणालं आणि त्यानं वळून पाहिलं. शिवमूर्तीला यात वावगं काही वाटलं नाही. उलट त्याला मनातून गुदगुल्याच झाल्या.

उमा मात्र उतरत चालला होता. एकदा बांधाशी येऊन म्हणाला, "अण्णा, दुपारच्याला काय खाल्लं तरी तोंडात राख आल्यावानी लागून ऱ्हायलंय. जळकोटच्या डागदरला दावलं, त्यो म्हणतो कायबी न्हाई." जरा थांबून म्हणाला, "अव्वा सपनात यायची. ती बी येईना आता."

"वय झालं तुझं," शिवमूर्ती म्हणाला. आत कुठंतरी चुटपुट लागली त्याला, पण ती दुपारपर्यंतच टिकली.

पुढं एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती मात्र त्याला आवडली नाही. रोज सकाळी तो रानात यायचा तेव्हा उमा आधीच बांधावर उभा असायचा. उजव्या हातावर तंबाखू मळत. नुसता शिवमूर्तीच्या ज्वारीकडं बघत राहायचा, मन लावून.

५

येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अवसेला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, आत चुना लावलेले पांडवांचे पाच दगड मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं. दरसाल कोप उमाच्या रानात व्हायची, कारण अव्वा तिकडं होती. यंदा उमा स्वतः येऊन म्हणाला, "औंदा तुमच्या रानात करू, अण्णा."

नाही म्हणायला कारण सापडेना. कोप त्या दाट ज्वारीच्या अगदी कडेला झाली. सिंधु आणि अंबिका भांडी मांडत होत्या. अंबिका थोरल्या दिरासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. आज तिला शिवमूर्ती समोर बसल्याचं भानच नसावं. पदर खांद्यावर, आणि ती त्याच्या पुढ्यातूनच खाली वाकून द्रोण लावत होती.

दोघं भाऊ आंबील शिंपडायला निघाले. "हर भला" म्हणत उमा पुढं, शिवमूर्ती मागं. दाट ज्वारीपाशी आल्यावर उमा थांबला.

"अण्णा, बालाजीनं मला तवाच सांगितलं व्हतं. खुंट तुमी आणलात त्ये."

शिवमूर्तीनं आंबिलीचा तांब्या खाली ठेवला. "मग बोलला कामून न्हाईस?"

"काय बोलू? अव्वा जाताना तुमचंच नाव घ्यायली व्हती. शिवा, शिवा म्हणून. तुमी तवा अंगणात रुसून बसलता. मी भाईर येऊन बोलवाय पायजे व्हतं." उमानं मान खाली घातली. "न्हाई आलो. वाटलं, जन्मभर माझी व्हती, शेवटाला कामून तुमची? म्हणून खुंट नेला तवा म्हणलं, जाऊ द्या. ऱ्हाऊ दे तिला थोरल्यापाशी."

शिवा. जन्मात तिनं त्याला शिवा म्हटलं नव्हतं. निदान त्याला ऐकू येईल असं नव्हतं.

"माझ्याकडं मग ऱ्हायली कामून न्हाई ती?" त्यानं विचारलं. पोरासारखा आवाज निघाला.

"म्हणायची, थोरला समद्यास्नी पुरून उरंल. ह्या येड्याला कोण हाय?"

६

जेवणं मांडली. ऊन डोक्यावर आलं. शिवमूर्तीनं ताटाला हात लावला नव्हता. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की आज हाक आली की ओ द्यायची नाही. उमाला म्हणायचं, जा, तुला बोलावते आहे. आणि उद्या बालाजीला आणून ही सगळी माती पुन्हा पांढरीवर नेऊन टाकायची. मन एकदम हलकं झालं त्याचं. त्यानं आंबिलीचा द्रोण तोंडाला लावला.

थप थप थप.

बायकांनी मान वर केली नाही. उमानं मात्र केली. तोही ऐकत होता.

आवाज थांबला.

"शिवा," अव्वा म्हणाली. "ये रं लेकरा. लई येळ केलास."

एवढा मऊ आवाज! शिवमूर्तीनं द्रोण खाली ठेवला. आलो अव्वा, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि ते नाव आपलं आहे असं त्याला वाटेना. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली, की आपण जसे स्वस्थ बसून राहतो, तसं त्याचं अंग बसून राहिलं. जीभ हलली नाही.

"आलो अव्वा," उमा म्हणाला.

आवाज उमाचा नव्हता. भरडा, जाड, शिवमूर्तीचा होता. उमा उठला, धोतर झटकलं, गुडघ्यावर हात ठेवून एकदा कण्हला, शिवमूर्ती उठताना कण्हतो तसा, आणि ज्वारीत शिरला. ज्वारीची धाटं हलत गेली, मधोमध जाऊन थांबली. पानांच्या फटीतून एक पिठाळलेला हात खाली वाकलेल्या डोक्यावरून फिरताना दिसला. मग पानं मिटली.

शिवमूर्तीनं उठायची धडपड केली. मांडी सुटेना.

"अजून वाढू का जरा?" अंबिका म्हणाली. ती त्याच्या शेजारी येऊन बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. "कायच खाल्लं न्हाई तुमी."

समोरून सिंधु, त्याची लग्नाची बायको, ज्वारीकडं बघत होती. तिनं डोळ्यांवर हात धरला, मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "उमाभावजी, तुमचे अण्णा कुठं गेले वो? आता तर हितं व्हते."

त्याला सांगायचं होतं, की सिंधु, मी आहे. तोंडातून निघालं, "येतेल की, वैनी. अव्वानं बोलवलंय त्यास्नी."

कुणीच दचकलं नाही. अंबिकानं त्याच्या ताटात भज्जी वाढली. बांधापलीकडं त्याची ज्वारी उभी होती, उमाची ज्वारी, दरसालपेक्षा खुरटी, पिवळी. आणि अलीकडं, ज्वारीच्या आत, गोवरीचा वास येत होता आणि अव्वा कुणाला तरी हळू आवाजात आग्रह करत होती, "खा रं शिवा. पहिलीच हाय. गरम हाय तवर."

तो कान देऊन ऐकत राहिला, आणि त्याच्या पोटात ती जुनीच आग पुन्हा पेटली. पहिली भाकरी त्याला. थोरल्याला. शिवाला.